आधी पाण्याची वाट शोधा

वाचकांचे प्रश्न : पत्रा, गंज आणि जुन्या गाड्या

जुन्या गाड्यांच्या बॉडीबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी विचारलंय, गंजावर काय लावायचं. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: तिथं पाणी आलं कुठून आणि थांबलं का? माझे वडील सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पुढे त्यांनी कुमठा नाक्याकडे शेड टाकून गाड्यांचं पत्राकाम सुरू केलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि आजही तेच काम करते. खालची उत्तरं त्या शेडमधली आहेत.

प्रश्न : मामांची १९७१ सालची फियाट डिलाइट आमच्याकडे आली आहे. गाडी बरीच वर्षं माहीमला समुद्राजवळ उघड्यावर होती. चारही दारांच्या खालच्या कडेला रंग फुगलाय. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली की जमीन दिसते. एका गॅरेजवाल्याने ‘चार दिवसांत लांबी (पुट्टी) भरून नवी करून देतो’ असं सांगितलं. मुलाकडे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, अंगणात जागा आहे. आम्ही बाप-लेक हे घरी करू शकतो का? सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : करू शकता, आणि तुम्ही करावं असं मला मनापासून वाटतं. चार दिवसांचा हिशोब मात्र डोक्यातून काढून टाका. फियाटवर सोलापूरकरानं थोडा जास्त जीव लावावा असं मी नेहमी म्हणते. ही गाडी कुर्ल्याला बांधणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्याच गावात जन्मले. कंपनी १९४४ ची. याच फियाटचं पुढचं रूप म्हणजे पद्मिनी; मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता या गाड्या टिकल्या तर तुमच्यासारख्यांच्या अंगणातच टिकतील.

समुद्राकाठची गाडी आणि जन्मभर सोलापुरात राहिलेली गाडी यांत फार फरक असतो. आपली हवा कोरडी, पाऊस बेताचा. इथल्या गाडीचा रंग उन्हानं उडतो, पण पत्रा धड राहतो. माहीमच्या गाडीत खारी हवा प्रत्येक सांध्यात शिरलेली असते. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे गाडी सोलापुरात आणून उभी केली म्हणून आतला गंज थांबत नाही. म्हणून तुमच्या गाडीत जेवढं दिसतंय त्यापेक्षा जास्त निघेल, हे धरूनच चाला.

पहिले काही दिवस फक्त तपासायचं. सीट, मॅट, खालचा नमदा (जाड दाबलेलं कापड), दारांची आतली पुठ्ठ्याची पॅनल, डिकीतली स्टेपनी सगळं बाहेर. नमदा ओला किंवा कुबट असेल तर तो फेकून द्या, वाळवून परत घालू नका. मग हातात लाकडी ठोकळा, दाभण, लोहचुंबक आणि खडू. ठोकळ्यानं हळू ठोकत जायचं. धड पत्रा वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो. जिथं आवाज बदलला तिथं दाभण टेकवून दाबा. आत गेलं तर खडूनं गोल. चुंबक जिथं धरत नाही तिथं पूर्वी कुणीतरी लांबी भरलेली आहे; तिथंही गोल. या गाडीत मी या जागा कधीच सोडत नाही: दाराखालच्या पोकळ सिल, जॅक लावायच्या जागा, चारही चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, डिकीचा तळ, पुढच्या काचेच्या रबराखालचे दोन कोपरे आणि पायाजवळचा फ्लोअर.

आता पाण्याची वाट. मुलाला आत बसवा, टॉर्च द्या, आणि बाहेरून बादली-मगानं पाणी ओता. आधी पुढच्या काचेवर, मग दारांच्या काचांवर. आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं हे मला माहीत आहे, पण दोन-तीन बादल्या इथं खर्च कराच. बहुतेक वेळा फ्लोअरचं भोक पायाच्या ओलीनं पडलेलं नसतं. काचेचं रबर पन्नास वर्षांत वाळून आखडतं, पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि नमद्याखाली साठतं. दारांचंही तसंच. काचेबरोबर थोडं पाणी दारात जातं, हे गाडी बनवणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून तर दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. ती धुळीनं आणि जुन्या रंगानं बुजली की दार आतून भरतं. तुम्हाला बाहेरून फुगलेला रंग दिसतोय तो आतून पार झालेला पत्रा आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग उचलला जातो आणि स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले दोन पत्रे एकमेकांपासून ढकलले जातात. बाहेरून घासून लांबी भरली तर आतलं पाणी तसंच राहतं. त्या चार दिवसांच्या कामाला माझा आक्षेप एवढाच आहे.

कापायला घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. फियाटला वेगळी चासी नाही. बॉडीच चासी आहे. दाराखालची सिल शोभेची पट्टी नाही, गाडीचं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तीच तोलून धरते. सिल कापली आणि गाडी मधूनच जॅकवर असली तर बॉडी वाकते, आणि मग दार कधीच नीट लागत नाही. म्हणून गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. घोड्या चाकांच्या जवळ, सस्पेन्शनखाली, जिथं गाडी एरवी आपलं वजन देते तिथं लावा. दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे आणि तिरके टेकू वेल्ड करा. मुलाचं इन्व्हर्टर मशीन या कामाला उत्तम आहे. टेकू लावण्याआधी दाराच्या भोवतीची फट सगळीकडून मोजून लिहून ठेवा. एका बाजूची सिल पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही.

आणि आग. पेट्रोलची टाकी काढून गाडीपासून लांब, सावलीत ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज फार धोक्याचा आहे. पेट्रोलची वाफ द्रवापेक्षा लवकर पेटते. टाकीला घरी वेल्डिंग कधीही करू नका. बॅटरी काढा, इंधनाच्या नळ्या काढा. वेल्ड करताना पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे हे पाहायला एक माणूस हवाच. वायरिंग, जुनं डांबर, नमद्याचे तुकडे हळूच धुमसत राहतात आणि तासाभरानं पेट घेतात. वाळूची बादली, पाण्याची बादली आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर लगेच जेवायला जाऊ नका.

पत्रा कोणता घ्यायचा? लोखंडाच्या दुकानात सीआर (कोल्ड रोल्ड, साधा गुळगुळीत) पत्रा मागा. बॉडीला २० गेज, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. सिलला आणि फ्लोअरला जिथं मूळ पत्रा जाड आहे तिथं १८ गेज, साधारण १.२ मिलिमीटर. कडेचा धड तुकडा मोजून बघितलात तर अंदाजाची गरज नाही. जीआय पत्रा घेऊ नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, त्या धुरानं थंडी वाजून ताप येतो.

कापताना हात आखडू नका. गंजलेल्या जागेच्या बाहेर बोटभर चकचकीत धड लोखंड लागेपर्यंत कापा. काठावर थोडा गंज ठेवून त्याला वेल्ड लावलात तर वेल्ड टिकत नाही, पातळ काठ विरघळून भोक मोठंच होतं. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यातून पुढे तडा जातो. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापा, जागेवर बसवून बघा, मगच पत्र्यावर उतरवा. सगळ्यात जास्त वेळ इथंच जायला हवा. फर्मा नीट बसला तर वेल्डिंग सोपं आहे, नाही बसला तर कितीही चांगला वेल्डर असला तरी लांबीच भरावी लागते.

आता मुलाच्या मशीनबद्दल. टेकूंना ते चालेल, पण ०.९ मिलिमीटरच्या पत्र्यावर रॉडचं आर्क वेल्डिंग करू नका. पत्रा जळून भोकं पडतात आणि उरलेला ताणानं वाकडा होतो. सीओटू वेल्डिंग मशीन (रॉडऐवजी बारीक वायर आणि गॅसवर चालणारं) भाड्यानं मिळतं का बघा. वायर ०.८ मिलिमीटरची, मिळाली तर ०.६. पत्र्याचा काठ काठाला भिडवायचा, मध्ये साधारण पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवायची. एक टाका इथं, दुसरा समोरच्या बाजूला, तिसरा कोपऱ्यात. सलग ओढायचं नाही. मागचा टाका हात लावता येईल एवढा निवेपर्यंत शेजारी टाका नको. लवकर निवावं म्हणून पाणी मारू नका. मोठ्या सपाट भागात, विशेषतः दाराच्या बाहेरच्या पत्र्यात, उष्णता एका जागी साठली की पत्र्याला फुगा येतो. तो दाबला की आत जातो, सोडला की बाहेर येतो, आणि काढायला मला आजही कष्ट पडतात. टाके पूर्ण झाले की आतून डॉली (आधाराचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं टाके हलके ठोका. वेल्ड निवताना आकसतो, ठोकल्यावर पुन्हा पसरतो. मग ग्राइंडरनं फक्त वेल्डची उंची काढा, शेजारचा पत्रा पातळ करू नका.

एकावर एक पत्रा ठेवून जोडायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे चालते. दिसायला सोपी आहे, पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. फ्लोअरला किंवा सिलच्या कडेला तसं करावंच लागलं, तर दोन्ही पत्र्यांवर आधी जस्ताचं वेल्ड-थ्रू प्रायमर मारा. वरच्या पत्र्याला सहा मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून वेल्ड भरा, आणि शेवटी पूर्ण कडेवर सीलर ओढा.

क्रम माझा असा असतो: आधी फ्लोअर, मग सिल, मग चाकांच्या कमानी, दारं सगळ्यात शेवटी. फ्लोअर कुणी बघत नाही. तिथं हात बसतो. दारावर पहिला टाका मारायला घेतला तर आठवड्यात उमेद जाते. दारांचा खालचा पट्टा कापून नवा घालताना आतली वळवलेली कड नीट उतरवा आणि निचऱ्याची भोकं पूर्वी होती तिथंच पाडा.

उघडा पत्रा रात्रभर तसा ठेवू नका. ज्या दिवशी घासला त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. त्याआधी थिनरनं पुसायचं. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यातल्या कतरणी किलोवर मिळतात, घासून पुसायला त्यांच्यासारखं काही नाही. शेवटची पुसणी मात्र धागे न सोडणाऱ्या जुन्या धुतलेल्या सुती कापडानं करा. टॉवेलचे तंतू प्रायमरमध्ये अडकतात.

एवढं झाल्यावर लांबी. लांबी वाईट नाही, वाईट आहे ते तिच्याकडून पत्र्याचं काम करून घेणं. हातोडीनं पत्रा सरळ झाल्यावर राहिलेली उणीव भरायला दोन-तीन मिलिमीटरपर्यंत लांबी चालते. उन्हाळ्यात हार्डनर जपून घाला, आपल्या दुपारच्या चाळीस-बेचाळीस अंशांत लांबी फळीवरच आवळते. मी उन्हाळ्यात लांबीचं काम सकाळी नऊच्या आत संपवते.

शेवटचा रंग मात्र घरी मारू नका. दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साध्या कापडी मास्कनं ते अडत नाही आणि त्यानं कायमचा दमा लागू शकतो. पत्रा, प्रायमर, घासणं एवढं घरी करा आणि शेवटच्या रंगासाठी गाडी बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे न्या. जुना रंग घासतानाही चांगला मास्क घाला. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. कोरडी धूळ अंगणात उडू देऊ नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाला आहे. आजोबांच्या १९६० च्या आसपासच्या डुक्कर फियाटचे बंपर ब्रॅकेट, बिजागऱ्या, बॅटरी ट्रे असे सुटे भाग गंजलेत. कुणी म्हणतं बाथरूमचं ॲसिड वापर, कुणी रस्ट कन्व्हर्टर, कुणी साखर कारखान्याची मळी. खरं काय?
— एक विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : अगं, बाथरूमचं ॲसिड आधी बाजूला ठेव. ते हायड्रोक्लोरिक असतं. गंज झटक्यात काढतं, पण त्यातलं क्लोराइड सांध्यात राहतं आणि तिथूनच नवा गंज सुरू होतो. शिवाय त्याच्या वाफेनं खोलीतली तुझी सगळी अवजारं लालसर होतील.

मळीनं गंज निघतो, ही ऐकीव गोष्ट नाही. एक भाग मळी आणि नऊ भाग पाण्यात भाग बुडवून ठेवला की मळीतले घटक गंजाला धरून सोडवतात आणि खालच्या धड लोखंडाला फारसं लागत नाही. दोन-तीन आठवडे लागतात, वास सहन करावा लागतो. पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, कारखान्यातून सहज डबा भरून आणायची ती वस्तू नाही. तुला त्याची गरजही नाही. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम या हिशोबानं प्लॅस्टिकच्या टबात घाल, भाग आधी साबणानं धुऊन तेल-ग्रीस काढ आणि बुडवून ठेव. काही तासांनी काढून ब्रशनं घासून बघ, राहिला असेल तर परत. दिवसच्या दिवस विसरून जाऊ नको, गंज संपल्यावर आम्ल लोखंडही खातं. काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडव, स्वच्छ धू, उन्हात तापव आणि गरम असतानाच प्रायमर किंवा तेल लाव. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट आम्लात टाकू नको. त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

तू डिप्लोमाला आहेस, तर इलेक्ट्रोलिसिस करून बघ. मला स्वतःला तीच पद्धत सगळ्यात आवडते, कारण ती धड लोखंडाला हातच लावत नाही. प्लॅस्टिकची बादली, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग काळ्या वायरला, म्हणजे ऋण टोकाला. लाल वायरला जुनी लोखंडी सळई, ती झिजते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. लाल वायरला स्टेनलेस स्टील अजिबात लावायचं नाही, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून अंगणात कर, जवळ विस्तव नको, आणि वायर काढण्याआधी चार्जर बंद कर. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताच्या ओतीव कामाचे भाग, म्हणजे बरेचसे हँडल आणि नक्षीचे तुकडे, यातल्या कुठल्याच पाण्यात घालू नको.

रस्ट कन्व्हर्टर म्हणजे बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल. ते पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजाचं स्थिर अशा थरात रूपांतर करतं. ब्रश जात नाही अशा कोपऱ्यात ते उपयोगी आहे. पण कडक भाकरीसारखे पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ते वरच्या पापुद्र्यालाच लागतं, आणि गेलेला पत्रा कुठलंच द्रव परत आणत नाही. बॅटरी ट्रेला तू दाभण लावून बघ. पार झाला असेल तर नवा ट्रे वळवून घे, सीआर पत्र्यात फार अवघड नाही. डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्येच करून घे, सरांनाही आवडेल.

प्रश्न : माझ्याकडे जुनी विलीज नमुन्याची जीप आहे. टबचा (बसायच्या भागाच्या पत्र्याच्या सांगाड्याचा) तळ गेलाय. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो, जाड चेकर्ड प्लेट टाकून देतो, आयुष्यभर बघायला नको. टाकू का?
— एक ज्येष्ठ वाचक, बार्शी

उत्तर : काका, तुमचं काम फियाटपेक्षा सोपं आहे. जीपला शिडीसारखी वेगळी चासी असते आणि टब तिच्यावर बोल्टनं बसतो. टब कुजला तरी गाडी मधून वाकत नाही. पण चेकर्ड प्लेट नको. ती मूळ पत्र्यापेक्षा खूप जाड असते, वजन वाढतं, आणि जाड प्लेट पातळ पत्र्याला जोडली की दोन-चार वर्षांत जोडाशेजारी पातळ पत्रा फाटतो. मूळ जाडीचाच पत्रा घ्या, त्याला पूर्वीसारख्या नळ्या (उभार पन्हळी) पाडून घ्या. त्या नळ्यांनीच सपाट पत्र्याला ताठपणा येतो.

टब उचलल्यावर मात्र चासी नीट बघा. टब आणि चासीच्या मध्ये जिथं रबर किंवा लाकडी पॅड असतात, तिथंच चासी आधी खाल्लेली असते. चासीला तडा असेल तर तो घरी जोडू नका. अनुभवी माणसाकडून, आधाराची प्लेट आकारात कापून घेऊन काम करून घ्या. ब्रेकच्या नळ्याही त्याच वेळी बदला. टब परत बसल्यावर हात पोचत नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी आमच्या ॲम्बेसेडरच्या मडगार्डचं काम एका गॅरेजमध्ये करून घेतलं. पहिल्याच पावसानंतर त्याच जागी फुगे आले. गॅरेजवाला म्हणतो, रंग कंपनीचा दोष. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : गाडी न बघता कुणाचा दोष ठरवणं बरोबर नाही, पण तुम्ही स्वतः तपासू शकता. एक फुगा ब्लेडनं उघडा. खाली पत्रा तपकिरी असेल तर गंज आतून आलाय किंवा तसाच ठेवून वर रंग दिलाय. चाकाच्या बाजूनं मडगार्डच्या आतला भाग बघा: तिथं चिखल साठलेला असेल आणि पत्रा पापुद्रे सोडत असेल, तर कितीही वेळा रंग मारला तरी फुगे येणारच. मडगार्ड बॉडीला जिथं बोल्टनं बसतं त्या कडेत चिखल भरून राहतो. मडगार्ड सोडून काम झालं होतं का, जागेवरच, हे विचारा. जागेवर काम केलं असेल तर मागची बाजू कुणी पाहिलेलीच नाही.

फुग्याखाली पत्रा चकचकीत आणि लांबी मऊ निघाली, तर पाणी लांबीत शिरलंय. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते. ती वॉटर पेपरनं ओली घासली, पुरती वाळू न देता वर प्रायमर मारलं, की पाणी आत कोंडतं आणि पहिल्या उन्हात रंग उचलतं. आपल्या भागात त्यात आणखी एक भर: घासायला बोअरचं जड पाणी वापरतात. ते वाळलं की क्षार पत्र्यावर राहतात आणि ओल ओढून घेतात. लांबी कोरडीच घासायची, ८० नंबरच्या घासकागदानं सुरुवात करून १२०, २२० पर्यंत. पाणी वापरायचं ते एपॉक्सी आणि सर्फेसर (रंगाआधीचा भरणीचा थर) झाल्यानंतर, आणि तेही नळाचं साठवलेलं गोडं पाणी. प्रायमर कुठला मारला तेही विचारा. आम्लाच्या एच (etch) प्रायमरवर थेट लांबी भरली तर ती नीट धरत नाही.

नव्यानं काम कराल तेव्हा मडगार्ड सोडूनच करा आणि जोडाच्या कडेत नवं बीडिंग घाला. जुनं काढून धुऊन परत बसवणारे आहेत. तेवढ्या बचतीला अर्थ नाही.

प्रश्न : फ्लोअरच्या भोकावर फायबरचं कापड आणि रेझिन लावून टाकलं तर? वेल्डिंगची कटकटच नको.
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : नको. रेझिन गंजलेल्या काठाला धरत नाही, काही महिन्यांत सुटतं, आणि मधल्या फटीत ओल बसते. सीटचे बोल्ट, जॅकची जागा किंवा सिल यांजवळ तर हा विचारही करू नका. धक्का बसला की ते कापड काहीही तोलून धरत नाही.

प्रश्न : माझी गाडी १९६९ ची आहे. व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. दारं, सिल, फ्लोअर यांचा पत्रा बदलला तर ‘मूळ रूपात नाही’ म्हणून अर्ज नाकारतील का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारा मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीला व्हीए अक्षरांचा क्रमांक मिळतो. एक मात्र लक्षात घ्या: अशी नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल अशा कामांसाठीच ती बाहेर काढायची.

कुजलेल्या पत्र्याच्या जागी त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पत्रा घालणं ही दुरुस्ती आहे, असं मी मानते. छत कापणं, दारं कमी करणं, चाकांच्या कमानी रुंद करणं हा बदल. निर्णय मात्र परिवहन कार्यालयाचा असतो, म्हणून काम सुरू करण्याआधी एमएच-१३ च्या कार्यालयात जाऊन बोलून घ्या. कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा: कुजलेला भाग, कापल्यावर, नवा तुकडा बसल्यावर, प्रायमरनंतर. चासी क्रमांक जिथं ठोकलाय तो पत्रा आणि कंपनीची धातूची पट्टी यांना ग्राइंडर लावू नका. ती जागा आधीच चिकटपट्टीनं झाकून घ्या. काढलेले मूळ तुकडेही काम संपेपर्यंत जपून ठेवा, आकार पडताळायला लागतात.

प्रश्न : पत्राकाम, रंग सगळं झालं. आता गंज परत येऊ नये म्हणून खालून जळकं इंजिन ऑइल मारून घ्यावं असं सगळे सांगतात. आणि गाडी आम्ही आपल्या सोलापुरी चादरीनं झाकतो. बरोबर आहे ना?
— एक गृहिणी, रेल्वे लाइन्स

उत्तर : ताई, जळकं ऑइल नको. त्यात इंजिनातली आम्लं आणि बारीक धातू असतात, सस्पेन्शनची रबरी बुशं त्यानं फुगतात, आणि अंगाला लागत राहिलं तर ते माणसालाही घातक आहे. आपल्या उन्हाळ्यात तर ते गळून फरशीवर येतं. काळ्या डांबरी कोटिंगबद्दलही मी सावध असते. ताजं असताना छान दिसतं, पण काही वर्षांत वाळून तडकतं. मग पाणी तड्यातून आत जातं आणि बाहेरून काही कळत नाही. खालचा भाग एपॉक्सीवर रंगवून स्वच्छ ठेवा, म्हणजे काही झालं तर दिसेल. पोकळ जागांत, म्हणजे सिल आणि दारांच्या आत, कॅव्हिटी वॅक्स लांब नळीनं फवारा. उष्णतेत टिकणारं वॅक्स मागा. फवारल्यावर निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करायला विसरू नका. वॅक्सनंच ती बुजतात.

चादरीबद्दल: सुती चादर धुळीपासून वाचवते, शेडमध्ये ती चालेल. पण उघड्यावर पहाटेचं दव आणि पावसाचे शिंतोडे ती शोषते आणि दिवसभर रंगाला ओली चिकटून राहते. बाहेर ठेवत असाल तर हवा खेळती राहील अशी, खालून मोकळी ताडपत्रीची मांडवी करा, गाडीला न टेकणारी. प्लॅस्टिकचं आवरण गाडीला घट्ट बांधणं त्याहून वाईट, आतली वाफ बाहेर जात नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा कोरड्या दुपारी चारही दारं आणि डिकी तासभर उघडी ठेवा, मॅट काढून फ्लोअरला हात लावून बघा. ओला लागला तर पुढच्या काचेच्या रबरापासून तपासायला सुरुवात करा.